मोकळा हॉल की बंद खोल्या?

कामाची जागा आखताना वाद हमखास इथेच अडतो. भिंती पाडल्या की माणसं आपोआप बोलू लागतील, हा हॉलवाल्यांचा ठरलेला युक्तिवाद. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत अशी कार्यालयं आखली गेली, तेव्हा मध्ये निदान कुंड्या आणि आडोसे तरी होते. पुढे जागा वाचवण्याच्या नादात तेही गेले. आणि बोलणं? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या अभ्यासात दोन कंपन्यांमध्ये ते चक्क मोजलं गेलं. भिंती गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले. मला यात नवल वाटत नाही. सगळ्यांच्या नजरेत बसलेला माणूस कानात हेडफोन खुपसतो. तीच त्याची भिंत.

बंद खोलीत लक्ष लागतं, फोनवर खासगी बोलता येतं. पण दार लावलं की हवा कोंडते. छोट्या खोलीत चौघं तासभर बसले की कार्बन डायऑक्साइड चढतो, जांभया सुरू होतात आणि दोष मीटिंगला जातो. (बरेचदा तिचाही असतो म्हणा.) शिवाय खिडकी साहेबांना, बाकीच्यांना ट्यूबलाइट. उजेडाच्या बाबतीत हॉल सरळ जिंकतो.

मला विचाराल तर खोल्याच, पण लहान, काचेच्या आणि आतल्या बाजूला. खिडकीलगतचा पट्टा सगळ्यांचा. पाणी प्यायची जागा येण्याजाण्याच्या वाटेवर हवी, कोपऱ्यात नको. तिथं कोपर टेकवता येईल इतका उंच कट्टा ठेवा. पेला ठेवायला जागा असली की माणूस दोन मिनिटं रेंगाळतो.