उरलेल्या दिवसांची तिकिटं: ऑर्लँडोला आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. एका कुटुंबाला ऑर्लँडोची ट्रिप मध्येच आटोपती घ्यावी लागली होती आणि तिथल्या थीम पार्कच्या चार तिकिटांवरचे दोन-दोन दिवस शिल्लक होते. ‘अर्ध्या किमतीत देतो, कुणाला हवीत का?’ पाच मिनिटांत तिघांनी हात वर केले. मेसेज टाकणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, मी त्यांना ओळखते. तरीही ती तिकिटं कुणी घेऊ नयेत असं मला कळकळीने वाटतं, म्हणून मार्च २०१९ मध्ये आमच्यावर जे गुदरलं ते सगळं लिहून काढते आहे.

सासू-सासरे तेव्हा पहिल्यांदाच आमच्याकडे अटलांटाला आले होते. बाबा वाळवा तालुक्यातले, साखर कारखान्यात फिटर होते. आयुष्यभर पोलाद, कानस आणि ग्रीस हाताळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा जवळजवळ गेल्या आहेत. गावाकडे रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं मशीन आल्यापासून त्यांना तीन-तीन वेळा अंगठा दाबावा लागतो, कधी कधी आईंचा चालवून घेतात. अटलांटाच्या विमानतळावरही अधिकाऱ्याने त्यांना बोटं पुसून पुन्हा ठेवायला लावली होती. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचाच संबंध येणार आहे.

माझी लेक तेव्हा आठ वर्षांची होती. आजोबांनी तिला उसाच्या फडात शिरलेल्या बिबट्याच्या गोष्टी सांगून वेड लावलं होतं. त्याच्या बदल्यात आजोबांना जिराफ दाखवायचा, हे तिने ठरवून टाकलं होतं. ऑर्लँडोजवळचं डिस्नेचं ॲनिमल किंगडम तिने शाळेतल्या मैत्रिणीकडून ऐकलं होतं. १९९८ साली सुरू झालेलं हे पार्क म्हणजे निम्मं प्राणिसंग्रहालय आणि निम्मी जत्रा. उघड्या ट्रकमधून सफारी, सिंह, हत्ती, गेंडे, आणि शेजारीच यतीच्या, म्हणजे हिममानवाच्या, डोंगरातून धावणारी रोलर कोस्टर. लेकीने घरी चिठ्ठी करून फ्रिजवर लावली होती: जिराफ, गोरिला, मग आइस्क्रीम.

अटलांटाहून ऑर्लँडो सुमारे ४४० मैल. आम्ही गाडीने गेलो आणि पैसे वाचावेत म्हणून ऑर्लँडोजवळच्या किसिमी गावात हायवे १९२ वर एका साध्या हॉटेलात उतरलो. त्या रस्त्यावरून जे गेले असतील त्यांना माहीत आहे, दोन्ही बाजूंना स्वस्त तिकिटांच्या पाट्याच पाट्या. पोहण्याचे कपडे विकणाऱ्या दुकानात, पेट्रोल पंपाला लागून, एखाद्या पत्र्याच्या खोपटात, सगळीकडे. तिकिटं आधीच ऑनलाइन काढून ठेवायला हवी होती. आमच्या कामाच्या धबडग्यात ते राहून गेलं, आणि आदल्या संध्याकाळी पाहिलं तर माणशी १०० डॉलरच्या बरंच वर जात होतं. धाकटा चार वर्षांचा होता, तीन वर्षांवरच्या मुलांना तिकीट लागतंच. म्हणजे सहा तिकिटं.

दूध आणायला बाहेर पडलो आणि एका खोपटाशी थांबलो. माणूस अतिशय अदबशीर होता. आईंना बसायला खुर्ची दिली, मुलांना गोळ्या दिल्या. मोठ्यांचे ५५ डॉलर, लहानांचे ४५. इतकं स्वस्त कसं, असं नवऱ्याने विचारलंच. उत्तर तयार होतं: ‘आम्ही घाऊक घेतो. मोठे ग्रुप येत नाहीत तेव्हा उरलेली काढून टाकतो.’ कार्डचं मशीन बंद आहे, रोख असतील तर आत्ता देतो, हेही त्यानेच सांगितलं. समोरच एटीएम होतं. नवरा जाऊन ३१० डॉलर घेऊन आला.

मला थांबायला हवं होतं ते पुढच्या क्षणी. त्याने ड्रॉवरमधून सहा प्लॅस्टिकची तिकिटं काढली, क्रेडिट कार्डाएवढी, चित्रं छापलेली. नवीन कार्डाच्या कडा धारदार असतात, यांच्या कडा मऊ झाल्या होत्या. एकाच्या मागे काळ्या मार्करने लिहिलेलं काहीतरी अंगठ्याने पुसलेलं होतं. उजेडात धरलं तर इंग्रजीत ‘मॉम’ असं वाचता येत होतं. म्हणजे कुण्या घरातल्या आईचं ते तिकीट, एकमेकांत मिसळू नये म्हणून घरच्यांनी नाव घातलेलं. मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, आमच्याकडे साठ्याची खूण असते. बाई, साठ्याची खूण ‘मॉम’ कशी असेल? पण मुलं दमली होती, उशीर झाला होता, आणि वाचलेले पैसे मनात मोजून झाले होते. मी तिकिटं पर्समध्ये टाकली.

सकाळी आम्ही लवकर पोचलो. ऊन चढायच्या आत सफारी केली तर प्राणी चांगले दिसतात, म्हणून आईंनी पहाटेच उठून दशम्या बांधून घेतल्या होत्या. प्रवेशाला एक खांब असतो, त्यावर तिकीट टेकवायचं आणि बाजूच्या काचेवर बोट ठेवायचं. हिरवा उजेड आला की आत. लेकीने हट्टाने आजोबांना पुढे केलं.

बाबांनी तिकीट टेकवलं, बोट ठेवलं. उजेड निळा आला.

कर्मचारी मुलगी हसून म्हणाली, पुन्हा एकदा. पुन्हा निळा. बाबांनी बोट पँटवर घासलं, फुंकर मारली, पुन्हा ठेवलं. निळा. मागे रांग वाढत होती. बाबांनी रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने ओला करून बोट पुसलं आणि इतकं जोरात दाबलं की नखाखालचं पांढरं झालं. चौथ्यांदा निळा आल्यावर ते मागे वळले आणि मला म्हणाले, “माझ्याच बोटाचं खोटं हाय बघ. रेशनला पण असंच हुतंय. तुम्ही जावा पोरांना घेऊन, मी बसतो हितं बाकड्यावर.”

मीही म्हटलं, बाबांचा ठसा उमटत नाही, ओळखपत्र चालेल का. खरंच मला तेच वाटलं. मग त्या मुलीने माझं तिकीट टेकवायला सांगितलं. माझं बोट धडधाकट आहे. माझाही उजेड निळाच आला.

तिथल्या पर्यवेक्षक बाईंनी आम्हाला बाजूच्या खिडकीशी नेलं आणि एकेक तिकीट मशीनला लावून पाहिलं. सहाही तिकिटं पाच दिवसांची होती, त्यातले तीन दिवस कुणीतरी वापरून झालेले. पहिल्या दिवशी आत जाताना तिकीट वापरणाऱ्याच्या बोटाची नोंद होते आणि पुढचे सगळे दिवस ते तिकीट त्याच माणसाचं राहतं. तिकिटावर बारीक अक्षरांत छापलेलंही असतं की ते दुसऱ्याला देता येत नाही. बाई कुठेही उर्मटपणे बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, असं कुटुंब बहुतेक रोज समोर येतं. तिकिटं मात्र त्यांनी परत दिली नाहीत.

हा धंदा चालतो कसा, ते मला नंतर कळलं. एका दिवसाचं तिकीट महाग, पण दिवस वाढवत गेलं की पुढचा प्रत्येक दिवस स्वस्त पडत जातो. शेवटचे दिवस तर बऱ्याच कमी पैशांत मिळतात, म्हणून लोक जास्त दिवसांचं घेऊन ठेवतात आणि सगळे वापरत नाहीत. परतीच्या वाटेवर हायवेलगतची ही दुकानं ती उरलेली तिकिटं चार पैशांत विकत घेतात. पाटीवर ‘उरलेली तिकिटं घेतो’ असं चक्क लिहिलेलं असतं. फ्लोरिडाच्या कायद्यात यासाठी स्वतंत्र कलम आहे, ८१७.३६१. अनेक दिवसांचं तिकीट एकदा वापरल्यावर उरलेले दिवस दुसऱ्याला विकणं किंवा विकायला काढणं हा तिथे गुन्हा आहे. मंडळाच्या ग्रुपवरचा तो मेसेज वाचून मी घाबरले ते याचसाठी. देणारा भला माणूस, घेणारे आपलेच, आणि तरीही एकाने कायदा मोडायचा नि दुसऱ्याने गेटवर उभं राहायचं. मी त्यांना फोन केला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मेसेज त्यांनी लगेच काढून टाकला.

गेटवर आम्ही पुन्हा सहा तिकिटं काढली. साडेसातशे डॉलरच्या वर गेले. बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, आम्ही दोघं बाहेर बसतो, चौघांची काढा. नवऱ्याने ऐकलं नाही. नव्या तिकिटावर बाबांचं बोट एका दमात नोंदलं गेलं, हिरवा उजेड आला. लेकीने टाळ्या पिटल्या. बाबा हसले नाहीत. एव्हाना दोन तास गेले होते, सफारीची रांग दीड तासावर गेली होती. जिराफ दिसला. ट्रकच्या इतका जवळून गेला की धाकट्याला त्याच्या जिभेचा काळा-जांभळा रंग दिसला. पण बाबा दिवसभर हात खिशात घालूनच फिरले.

संध्याकाळी खोपटाशी गेलो तर दुसराच माणूस. कालचा कुठे आहे विचारलं तर असं कुणी इथे नाही म्हणाला. आमच्या पावतीवर दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, सही नाही. नुसतं ‘६ तिकिटं, ३१० रोख, विकलेला माल परत नाही’. शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयात तक्रार नोंदवली. त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं, पण पैसे रोख दिलेले असल्यामुळे पुढे फारसं काही होणार नाही हेही तेव्हाच सांगितलं. पैसे मिळाले नाहीत. क्रेडिट कार्डाने दिले असते तर पहिलं बिल निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेकडे लेखी हरकत घेता आली असती. कार्डचं मशीन ‘बंद’ असतं ते उगाच नाही.

तिकिटावर खरीखुरी सूट मिळते, नाही असं नाही. नोकरीच्या ठिकाणच्या कर्मचारी सवलतीतून मिळते, अधिकृत विक्रेते असतात त्यांच्याकडे मिळते. पण ती थोडीशी असते. अर्ध्या किमतीचं तिकीट दिसलं की ते कुणाचं तरी उरलेलं आहे असंच समजा. पैसे देण्याआधी तिकिटामागचा क्रमांक पार्कच्या ॲपमध्ये आपल्या खात्याला जोडून बघा, दुसऱ्याच्या खात्यावर असेल तर तिथेच अडकतं. समोरचा ‘आधी पैसे’ म्हणाला तर गाडीत बसा.

त्याच रस्त्यावर ‘नाश्ता करा, तिकिटं फुकट न्या’ असंही सांगतात. ते टाइमशेअर, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस वापरायच्या सुट्टीच्या घरातला वाटा, विकण्यासाठी असतं. ९० मिनिटं म्हणून नवरा-बायको दोघांना बसवतात. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला चार तास सोडलं नाही, बाहेर मुलं रडत होती, शेवटी सुटका व्हावी म्हणून त्यांनी सही केली. फ्लोरिडात अशी सही केल्यावर १० दिवसांच्या आत लेखी कळवून करार रद्द करता येतो. सही करून बसला असाल तर सुट्टी संपायची वाट बघू नका, आजच पत्र टाका.

बाबांना त्या रात्री हॉटेलात मी पुन्हा पुन्हा सांगितलं की तिकिटंच दुसऱ्याची होती, बोटाचा काही संबंध नव्हता. त्यांनी मान डोलावली. आई झोपल्यावर ते दिव्याखाली बसून बोटाकडे बघत होते, हे मी पाहिलं. पैशांचं मला आता फारसं काही वाटत नाही. त्या माणसाने खुर्ची दिली, गोळ्या दिल्या आणि बाबांना पोराबाळांसमोर खाली मान घालायला लावली, याचा राग अजून जात नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर त्यांना सांगितलं की मी हे सगळं लिहिते आहे. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “लिव्ह. पण त्या बोटाचं पण लिव्ह हं. अजून कुणाचा तरी म्हातारा तिथं उभा असंल.”