आयरेसिंग की एसीसी? पहिल्या ऑनलाइन रेसआधीचा हिशोब

गेमचं स्टिअरिंग व्हील टेबलाला लागलंय, कॉम्प्युटरच्या गाड्यांना हरवून कंटाळा आलाय आणि आता खऱ्या माणसांशी भिडायचंय. या टप्प्यावर आलेला जवळजवळ प्रत्येक जण कॉम्प्युटरवरच्या दोन रेसिंग सिम्युलेटरबद्दल विचारतो, आयरेसिंग घेऊ की असेत्तो कोर्सा कॉम्पेतित्सिओने? (दुसरं नाव एका दमात उच्चारणं हीच एक शर्यत आहे, म्हणून पुढे नुसतं एसीसी.) उत्तरं देणारे लगेच टायरच्या फिजिक्सवर घसरतात. नवख्याला त्या वादाचा काही उपयोग नाही. दोन्हीकडचं टायर मॉडेल तुमच्या-माझ्या ब्रेकवरच्या पायापेक्षा कितीतरी पुढचं आहे. मी दोन्ही वापरतो, दोन्ही अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहेत. कल कुठे आहे ते लपवणार नाही, पण दुसऱ्यावर अन्याय होऊ नये एवढी काळजी घेतो.

व्हील कुठलं, हा विषय इथे सोडतो. लॉजिटेकचं साधं, आतून गिअरवर चालणारं व्हील दोन्हीकडे पुरतं. जास्त पैसे घालायचेच असतील तर आधी लोडसेलच्या (पायाचा जोर मोजणाऱ्या) ब्रेक पेडलवर घाला. गेमपॅडवरच खेळायचं असेल तर एसीसी बरं. आयरेसिंग पॅडवर चालतं, पण त्यात जीव रमत नाही.

एसीसी हे इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनीचं काम. 2019 मध्ये ते पूर्ण रूपात आलं. नंतर जीटी4 आणि जीटी2 या वर्गांच्या गाड्या आल्या तरी त्याचा सगळा जीव जीटी3 गाड्यांत, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसगाड्यांत आहे, आणि ते दिसतं, ऐकूही येतं. रात्री पावसात स्पा-फ्रँकॉरशॉंवर ओ रूज चढताना पुढच्या गाडीच्या फवाऱ्यातून फक्त लाल दिवा दिसतो, तेव्हा जे वाटतं ते मला दुसरीकडे क्वचित मिळालं. आयरेसिंगमध्ये पाऊस आला तोच मुळी मार्च 2024 मध्ये. पण आयरेसिंगचा पिंडच वेगळा. 1998 च्या ग्रँड प्रिक्स लेजंड्स या रेसिंग गेममागे असलेले डेव्ह केमर यांनी ते उभं केलं, 2008 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं, आणि पहिल्या दिवसापासून त्याचा हेतू एकच, माणसांनी माणसांशी रेस करणं. लायसन्स, वेळापत्रक, खऱ्या नावाने नोंदणी. खेळ कमी आणि क्लब जास्त.

पहिली गाडी कोणती मिळते यानेही बराच फरक पडतो. एसीसीत तुम्ही थेट पाचशेच्या आसपास हॉर्सपॉवरच्या जीटी3 मध्ये बसता. ऐकायला भीतिदायक, पण तिच्यात एबीएस असतं, ट्रॅक्शन कंट्रोल असतं, आणि पंख गाडी जमिनीला दाबून ठेवतात. ब्रेक जोरात मारला तरी ती सावरून घेते. आयरेसिंगमध्ये रुकी म्हणून (हे सगळ्यात खालचं लायसन्स) बहुतेक जण माझदा एमएक्स-5 पासून सुरुवात करतात. ताकद बेताची, एबीएस नाही, आणि वळणात मध्येच अॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग सुटतो. पहिल्या आठवड्यात एमएक्स-5 तुम्हाला एसीसीपेक्षा जास्त वेळा गोल फिरवेल. पण वजन पुढे-मागे कसं सरकतं, ब्रेक हळूहळू सोडत वळणात कसं शिरायचं, हे ती शिकवते; जीटी3 बरंचसं झाकून ठेवते. शिवाय गाडी हळू असल्यामुळे सगळे घोळक्याने चालतात, पुढच्याच्या मागे हवेचा आडोसा घ्यायला मिळतो, आणि सातव्या-आठव्या नंबरसाठीसुद्धा शेवटच्या वळणापर्यंत झटापट चालते. जीटी3 मध्ये नवख्यांची रेस दोन-तीन लॅपमध्ये विखुरते, असा माझा तरी अनुभव.

सेटअपचंही, म्हणजे गाडीच्या बारीक जुळवणीचंही, तसंच. आयरेसिंगच्या रुकी रेसमध्ये सेटअपचा विचार करायची वेळच सहसा येत नाही. एसीसीत टायरप्रेशरचे आकडे, ब्रेक डक्ट, विंग असं सगळं समोर येतं. घाबरू नका, तयार असलेला अॅग्रेसिव्ह प्रीसेट घ्या, गरम टायरचं प्रेशर 26 ते 27 पीएसआयमध्ये राहील एवढं बघा आणि बाकी पानं सध्या उघडू नका.

आता ज्या गोष्टीवरून माझा निर्णय झाला ती. लोकांना वाटतं तसं ते पहिल्या वळणावरचं धडकणं नव्हे. ते दोन्हीकडे आहे आणि राहणार. मला वैताग आला तो खुल्या सर्व्हरवर वाट बघण्याचा.

खुल्या सर्व्हरची गोष्ट कुठल्याही एका खेळापुरती नाही. सर्व्हर कोणीतरी चालवत असतो. प्रॅक्टिस, क्वालिफाइंग (सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या लॅप), रेस, पुन्हा प्रॅक्टिस असं चक्र अखंड फिरत राहतं आणि तुम्ही त्यात मध्येच कुठेतरी उडी मारता. यादी उघडायची, बऱ्यापैकी भरलेला सर्व्हर शोधायचा. आत गेलं की कळतं, रेस चालू आहे आणि अर्ध्याहून जास्त बाकी आहे. मग एकतर पिटमधून सगळ्यांच्या मागे एकट्याने फिरायचं, नाहीतर दुसऱ्यांची रेस बघत बसायचं. ती संपली की निम्मे लोक निघून जातात, कारण त्यांची रेस झालेली असते. राहिलेल्यांबरोबर प्रॅक्टिस, मग क्वालिफाइंग, आणि एकदाचे दिवे विझून रेस सुटते तेव्हा जेमतेम दहा-बारा गाड्या. त्यातला ज्याची गाडी पहिल्या वळणात भिंतीला लागली तो तिथेच बाहेर पडतो. का पडू नये? त्याचं काहीच जात नाही. पत्त्यांच्या डावात कोणीही केव्हाही यावं आणि हात खराब आला की उठून जावं, तसं. ज्याच्याकडे संध्याकाळी तासभर आहे त्याचा तो तास रेसमध्ये कमी आणि रेसच्या रांगेत जास्त जातो. हळू असण्याने मी कधी निराश झालो नाही, पण ही रांग मला पुरती कंटाळवून गेली.

आयरेसिंगमध्ये घड्याळ असतं. अमुक मालिका, या आठवड्यात अमुक ट्रॅक, आणि रेस ठरल्या वेळी. रुकींच्या रेस दिवसभर थोड्या-थोड्या अंतराने सुटत राहतात. नाव नोंदवायचं, वेळ झाली की आत जायचं, थोडं क्वालिफाइंग, ग्रिड, दिवे. पंधरा-वीस मिनिटांत रेस संपते आणि सगळे एकत्र सुरू करतात, बहुतेक जण संपवतातही, कारण मध्येच सोडलं तर रेटिंग घसरतं. नोंदणी जास्त झाली तर आयरेटिंगनुसार, म्हणजे निकालांवरून ठरणाऱ्या तुमच्या गुणांकानुसार, वेगवेगळे गट पडतात, म्हणजे तुमच्याच वेगाची माणसं आजूबाजूला. जेवणाआधी एक रेस करून उठायचं, हे इथे जमतं. मला एवढंच हवं होतं.

एसीसीला न्याय द्यायचा तर लगेच सांगायला हवं की या दुखण्यावर तिथेही औषध आहे. लो फ्युएल मोटरस्पोर्ट नावाची स्वतंत्र सेवा एसीसीसाठी ठरल्या वेळेच्या रेस भरवते, स्वतःचं रेटिंग ठेवते, गट पाडते. एसीसी घेणार असाल तर सर्व्हरच्या यादीपेक्षा सरळ तिथे खातं उघडा, अर्धा वैताग जाईल. पण तिथले चालक मुरलेले वाटतात आणि हाताखाली पहिल्या दिवसापासून जीटी3. नुकतं पोहायला शिकलेल्याला थेट खोल बाजूला उतरायची हौस असेल तर हरकत नाही.

नवख्यांचा पुढचा प्रश्न हमखास असतो, मला मागून कोणी ठोकलं तर शिक्षा मला का? आयरेसिंगमध्ये हे खरंच होतं. डांबरी ट्रॅकवर चाक पूर्ण बाहेर गेलं की दंडाचा 1 गुण, गाडी हातातून सुटली की 2, दुसऱ्या गाडीशी जोराची धडक झाली की 4, आणि हे चार दोघांनाही, चूक कोणाचीही असो. पहिल्यांदा पाहिलं की रक्त उकळतं. पण संगणकाला दोष कोणाचा ते नेमकं ठरवता येत नाही आणि प्रत्येक रेसला पंच बसवणं अशक्य. सेफ्टी रेटिंग शेवटी इतकंच मोजतं, किती वळणं घेतलीत आणि त्यात किती घटना घडल्या. पंधरा-वीस रेसचा हिशोब बघितला की माझ्या मते ते बऱ्यापैकी खरं बोलतं. एसीसीचं स्वतःचं सेफ्टी रेटिंग वेगळ्या अंगाने जातं, दुसऱ्यांच्या जवळ राहून स्वच्छ चालवलं तर ते वाढतं. कल्पना म्हणून मला ती जास्त आवडते. नवख्याला मात्र तिचा त्रास होतो, कारण एकट्याने शांतपणे फिरून हाती काही लागत नाही. आयरेसिंगमध्ये मुद्दाम पिटमधून सुरुवात करा, पहिल्या वळणाची गर्दी पुढे जाऊ द्या आणि मागून शांतपणे लॅप काढा, रेटिंग वर जातंच. वाटेत पाच-सात जण गवतात दिसतात, नंबरही सुधारतो.

"मी फार हळू आहे, लोक शिव्या देतील का?" हळू असण्याबद्दल कोणी देत नाही. अंदाज न येण्याबद्दल देतात. निळा झेंडा (मागून वेगवान गाडी येतेय याची खूण) दिसला म्हणून एकदम बाजूला झालात की मागचा नेमका त्याच बाजूने येत असतो. आपली रेषा धरून ठेवा, पुढे जाणं ही त्याची जबाबदारी. गाडी फिरली तर ब्रेक दाबून जिथे आहात तिथे थांबा, सगळे गेल्यावर निघा; मागे घरंगळणारी गाडी कोणालाच चुकवता येत नाही. पहिल्या लॅपच्या पहिल्या वळणाला नेहमीपेक्षा बरंच आधी ब्रेक लावा. न फिरता सलग दहा लॅप जमत असतील तर तुम्ही तयार आहात, वेळ काहीही असो. आणि व्हॉइस चॅट पहिले काही दिवस बंदच ठेवा. आयरेसिंगमध्ये लोक खऱ्या नावाने असतात, त्याने जिभेला थोडा लगाम बसतो, पण थोडाच.

नेटबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. ताशी 200 किलोमीटरला गाडी सेकंदात साधारण 55 मीटर जाते, म्हणजे 100 मिलिसेकंदांच्या उशिरात साडेपाच मीटर, अख्ख्या गाडीहून जास्त. शेजारची गाडी तुम्हाला दिसते तिथे ती असतेच असं नाही. तुमचा कॉम्प्युटर अंदाजाने ती काढत असतो. म्हणून चाकाला चाक लावून वळणात शिरण्याचा मोह टाळा आणि वायफायऐवजी केबल लावा. एसीसीच्या यादीत पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, बघून सर्व्हर निवडता येतो, हा एक खरा फायदा. आयरेसिंगमध्ये ती निवड तितकी आपल्या हातात नसते.

पैशात एसीसी सरळ जिंकतं. एकदा घेतलं की तुमचं. वाढीव ट्रॅक आणि गाड्यांचे संच हवे तर घ्या. आयरेसिंगला वर्गणी, वर प्रत्येक गाडी आणि ट्रॅक वेगळा, आणि वर्गणी थांबली की विकत घेतलेल्या वस्तूही कुलूपबंद. हे मला आजही खटकतं. महिनाभर खेळून दोन महिने विसरून जायचा स्वभाव असेल तर बिनधास्त एसीसी घ्या, इथून पुढे वाचायची गरज नाही. वर्गणी भरलीतच तर कुठलाही ट्रॅक घेण्याआधी 12 आठवड्यांच्या सीझनचं पूर्ण वेळापत्रक उघडा. मॉन्झा, स्पा यांसारखे ट्रॅक अनेक मालिकांत फिरून येतात, ते वसूल होतात. आवडला म्हणून घेतलेला एखादा आडवळणी ट्रॅक वर्षात एकदा येतो.

घरी प्लेस्टेशन असेल तर ऑनलाइन रेससाठी मुद्दाम कॉम्प्युटर घेऊ नका. ग्रॅन टुरिस्मो 7 चा स्पोर्ट मोड ठरल्या वेळी रेस सोडतो, तिथे वेगाचं आणि वर्तनाचं असं दुहेरी रेटिंग आहे, आणि तो पॅडवरही छान चालतो. कॉम्प्युटर असेल आणि लांब पल्ल्याची आवड असेल तर ल मान्स अल्टिमेट बघा. कॉम्प्युटरवरच्याच रेसरूमचा पाया फुकट आहे, पण गर्दी कमी.

आज ठरवायचंच असेल तर माझा सल्ला असा. आयरेसिंगची सगळ्यात छोटी वर्गणी घ्या आणि एकही गाडी, एकही ट्रॅक विकत घेऊ नका. रुकींच्या रेस सोबत मिळणाऱ्या ट्रॅकवरच होतात, लाइम रॉक आणि लगूना सेका त्यातच आहेत. एमएक्स-5 घेऊन सेफ्टी रेटिंग 3.00 च्या वर न्या, म्हणजे रुकीच्या वरचं डी लायसन्स मिळेल. तोवर ते घड्याळ तुमच्या दिवसात बसतंय की नाही हे कळलेलं असेल. बसत नसेल तर वर्गणी थांबवा आणि एसीसी सवलतीत येईल तेव्हा घ्या, ते बऱ्याचदा येतं. एमएक्स-5 मध्ये पायाला लागलेली सवय तिथेही कामाला येईल.