बेरेटा ९२एफएससाठी स्टीलचा गाइड रॉड: घ्यावा का?

आधीच सांगतो, बेरेटा ९२एफएस या ९ एमएम पिस्तुलातला प्लास्टिकचा गाइड रॉड (स्प्रिंगच्या आतली दांडी) काढून स्टीलचा टाकला म्हणून नेम सुधारत नाही. त्या आशेने कुणी तीसेक डॉलर घालवणार असेल तर तेवढ्यात ९ एमएम गोळ्यांचे दोन बॉक्स येतात, ते घ्या आणि शूटिंग रेंजवर जा. तरीपण मी घेतला, आणि बसवल्यापासून परत काढलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, गोळी सुटली की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे येते, नळीखालची स्प्रिंग दबते आणि तीच स्लाइडला परत पुढे ढकलते, येताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, जाते. रॉड त्या स्प्रिंगच्या आत असतो, ती दबताना वाकडीतिकडी होऊ नये म्हणून. म्हणजे मेहनत सगळी स्प्रिंगची, रॉड नुसता आधाराला. बेरेटा पूर्वी स्टीलचाच द्यायची, नंतर प्लास्टिकवर आली आणि लोकांनी कंपनीने पैसे वाचवले म्हणून बोंब मारली. खरं तर प्लास्टिकचा काही वाईट नाही, जरा लवतो, गंजत नाही, तेल कमी पडलं तरी कुरकुर करत नाही. तुमचा नीट चालत असेल तर बदलायची घाई अजिबात नको.

मी घेतलेला रॉड स्टेनलेसचा, लांबीला खाचा असलेला. खाचांमुळे वजन थोडं कमी होतं आणि बारीक घाण त्यात बसते, स्प्रिंगमध्ये घासत नाही. कडा गुळगुळीत आहेत, तोंडाशी स्लाइडच्या भोकातून सरळ ये-जा करतो, कुठे खरवडत नाही. स्वस्तातले काही रॉड हातात घेतले तर टोकाला धार लागते, तसले दुकानातच ठेवून या. हातात फरक म्हणाल तर स्लाइड मागे खेचताना जरा मऊ वाटते एवढंच, आणि तेही मनाचे खेळ असू शकतात. पिस्तूल रिकामं असतानाच साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास भरतं, त्यात जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमची भर पडून झटका काय कमी होणार.

यावरून टंगस्टन आठवलं. इथे ह्यूस्टनकडच्या एका दुकानात (नाव घेत नाही) काउंटरवरचा भाऊ मला टंगस्टनचा रॉड गळ्यात मारायच्या मागेच लागला होता, किंमत स्टीलच्या तिप्पट. टंगस्टन स्टीलच्या जवळपास अडीच पट जड असतं हे खरं, आणि ग्लॉकसारख्या हलक्या प्लास्टिक फ्रेमच्या पिस्तुलात पुढचं तोंड कमी उडतं हेही खरं. पण बेरेटा मुळातच जड, तिथे कशाला? आणि आयडीपीए (पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धा घेणारी संघटना) मॅच खेळणाऱ्यांनी नियम वाचूनच घ्या, तिथल्या स्टॉक डिव्हिजनमध्ये (फारसे बदल न केलेल्या पिस्तुलांचा गट) स्टेनलेसपेक्षा जड रॉड चालत नाही, हे त्या भावाने काही सांगितलं नाही.

बदलायला पाच मिनिटं पुरतात. मॅगझिन काढा, स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मग उजवीकडचं बटण दाबून डावीकडचा लिव्हर खाली फिरवला की स्लाइड पुढे सरकून निघते. आता जपून, कारण ग्लॉकसारखी इथे स्प्रिंग रॉडला अडकवलेली नसते, सुटी असते, अंगठा सटकला की गेली कपाटाखाली नाहीतर डोळ्याला. गॉगल घाला, हसू नका. स्टीलच्या रॉडला ग्रीसचं पातळ बोट फिरवायला विसरू नका, ही तेवढी कटकट प्लास्टिकला नव्हती.

माझं म्हणणं असं की पिस्तूल उघडलंच आहे तर स्प्रिंगकडे बघा. फॅक्टरीची १३ पाउंड ताकदीची असते आणि साधारण ५००० राउंडला बदला असं सांगतात, पण बहुतेक जण रॉडवर पैसे उडवतात आणि स्प्रिंग मात्र तीच मेलेली परत आत घालतात. स्प्रिंग थकली की स्लाइड फ्रेमवर जोरात आदळायला लागते, टरफलं लांब फेकली जातात आणि मार बसतो लॉकिंग ब्लॉकला (गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकत्र धरणारा तुकडा), जो या पिस्तुलाचा मूळचाच नाजूक भाग. पण म्हणून फार कडकही टाकू नका, १६ पाउंडाची घालून हलक्या गोळ्या मारल्या तर स्लाइड पूर्ण मागे येत नाही, टरफल अडकतं, आणि पुढे येताना पिस्तूल नाक खाली घालतं ते वेगळंच. साध्या ११५ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्यांना १३ पाउंडाची छान आहे. नवी स्प्रिंग दहा डॉलरच्या आसपास मिळते. अमेरिकन सैन्याने १९८५ मध्ये हेच पिस्तूल एम९ म्हणून घेतलं होतं, त्यामुळे पार्ट्सचा इथे तुटवडा नाही.

आणि मूठभर डॉलरमध्ये खरा फरक हवा असेल तर रॉड सोडा, हॅमरची (मागचा ठोका मारणारा भाग) डी स्प्रिंग टाका. ९२डी मॉडेलची ती हलकी स्प्रिंग, बसवली की पहिला लांब ट्रिगर एवढा हलका होतो की पिस्तूल दुसरंच वाटतं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी, कारण कोल्हापूरच्या मावसभावाने मेसेज करून विचारलंच, "दादा, येताना एक रॉड घेऊन ये ना." नाही रे बाबा. आर्म्स अ‍ॅक्टमध्ये सुटे भागही शस्त्रातच धरतात, आणि इकडून बाहेर न्यायलाही परवानग्या लागू शकतात. चॉकलेटं आणतो.