कपलर कापायला लावणारे स्टिरिओवाले : माझे १३,८४८ रुपये

नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड १३, रिव्हर्स कॅमेरा फ्री. किंमत ८,९९९, पैसे आधी भरले तर ८,४९९. फॅक्टरीतून थेट, मधले दलाल नाहीत, खाली 'भाई मस्त चीज है' म्हणणाऱ्यांची रांग. ही जाहिरात तुम्हालाही दिसत असणार. पुढे काय होतं तेही तुम्हाला माहीत आहे, डब्यातून भंगार निघतं. पण हे लोक त्याच्याही एक पायरी पुढे गेलेत. गाडीचा टेप पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने बसवायला निघालेला माणूसच त्यांना हवा असतो. तो का हवा असतो, ते कळायला मला १३,८४८ रुपये मोजावे लागले.

कुणी शहाणपण शिकवायला येण्याआधी सांगून टाकतो. मी भोसरीला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कंपनीत वायरिंग बघतो. वायरीच्या टोकांना लग दाबून बसवणं (क्रिंपिंग), ओळखीसाठी नंबरची नळी (फेरूल) चढवणं हे माझं रोजचं काम आहे. थ्री फेजचं पॅनल डोळे झाकून तपासणारा माणूस बारा व्होल्टच्या टेपला घाबरेल का? गाडी २०१४ ची स्विफ्ट व्हीएक्सआय. मूळ टेपने सीडी गिळून ठेवली होती. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानात विचारलं तर फिटिंगसकट १३,५०० सांगितले, त्यात नुसत्या फिटिंगचे १,५००. चार स्क्रू आणि एक कपलर जोडायचे पंधराशे! कुणीही म्हणेल की हे काम घरी होण्यासारखं आहे. आणि ते होण्यासारखंच होतं, यावर मी आजही ठाम आहे.

ज्यांनी डॅशबोर्ड कधी उघडला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मूळ टेपच्या मागे प्लास्टिकचा कपलर असतो, मारुतीत बहुतेक वेळा २० पिनचा. बॅटरीचा करंट, चावीचा करंट, अर्थ, चारही स्पीकर, सगळं त्यातून येतं. बाजारात त्याच मापाचा जोड-कपलर मिळतो. त्याचं एक तोंड गाडीच्या कपलरमध्ये बसतं, दुसरं नव्या स्टिरिओत. एकही वायर तोडायची नाही. उद्या गाडी विकायची झाली तर जुना टेप तसाच परत बसतो. मी हे सगळं वाचूनच ऑर्डर दिली होती आणि 'स्विफ्ट फ्रेम + कपलर' असे वेगळे १,१५० रुपये भरले होते. म्हणजे एकूण ९,६४९.

माल आला. फ्रेम बरोबर. कपलर म्हणून जे आलं त्याला एका बाजूला स्टिरिओत जाणारा प्लग होता आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या उघड्या वायरी. पिवळी, लाल, काळी, पांढरी, करडी, हिरवी, जांभळी. मी लगेच फोन केला. 'टेक्निकल टीम'मधला एक जण व्हिडिओ कॉलवर आला. अतिशय गोड बोलणारा. म्हणाला, सर, आपकी गाडी का कपलर काट दो, वायर टू वायर जोड दो, कंपनी फिटिंग भी ऐसे ही होती है. मी म्हटलं, मला न कापता जोडायचा कपलर पाहिजे, त्याचेच पैसे भरलेत. तो म्हणाला, वह आउट ऑफ स्टॉक है, दस दिन लगेंगे, बाकी आपकी मर्जी.

तोवर डॅशबोर्ड उघडून पडला होता. एसीच्या झडपा काढलेल्या, बॅटरीची निगेटिव्ह सोडलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना आणायला तळेगावला जायचं होतं. दहा दिवस गाडी तशीच ठेवणार का? वायर कापून क्रिंप करणं माझ्यासाठी काही मोठं काम नव्हतं. एकेका वायरीवर नंबरचा फेरूल चढवला, कागदावर चार्ट केला आणि मग नीपर (वायर कापायची पक्कड) लावला.

आता ज्या गोष्टीवरून मला रात्री झोप लागत नाही ती. कापून झाल्यावर तो म्हणाला, 'सर, कटे हुए कपलर का क्लियर फोटो भेज दो, टेक्निकल टीम चेक करेगी.' मी पाठवला! चांगला टॉर्च लावून, कपलर एका हातात आणि तुटलेल्या वायरी दुसऱ्या हातात धरून. अहो, कापलेल्या कपलरमध्ये तपासायचं काय असतं? वायरी जोडल्यानंतरचा फोटो मागितला असता तर समजू शकतो, जोडणी बरोबर आहे का ते बघायचं असेल. पण कापल्याचा? त्याला मी कापलं की नाही एवढंच हवं होतं, आणि त्याचा पुरावा माझ्याच हाताने हवा होता. फोटो गेला, ब्ल्यू टिक आली, आणि त्या क्षणापासून तो गोड आवाज कोरडा झाला. 'ओके सर, अब जोड लो.' कॉल कट. जोडताना काही विचारायचं तर फोन उचलायलाही कुणी नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता असं बायको म्हणते. तिला म्हणायला सोपं आहे. उघडलेल्या डॅशबोर्डसमोर टॉर्च लावलेला मोबाइल दातात धरून बसलेल्या माणसाला संशय घ्यायला वेळ नसतो.

जोडणी माझी चोख होती. पिवळी कायमच्या करंटला, लाल चावीच्या करंटला, काळी अर्थला, स्पीकरच्या चार जोड्या, ज्या वायरीला काळी रेघ ती मायनस. पहिल्या फटक्यात स्क्रीन लागली, गाणी लागली, कॅमेराही लागला. (पिवळी-लाल उलटी झाली की गाडी बंद केल्यावर सेटिंग पुसली जातात. माझी एकदाही पुसली गेली नाहीत.) हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे त्यांनी 'गलत फिटिंग' हा शब्द वापरला आणि तो मला फसवणुकीपेक्षा जास्त लागला.

मग हळूहळू स्टिरिओचे खरे रंग दिसायला लागले. नकाशा उघडायला सिग्नल सुटेपर्यंत वेळ. महाराष्ट्राचा ऑफलाइन नकाशा आणि थोडी गाणी टाकली तर 'स्टोरेज फुल'. सेटिंगमध्ये जाऊन बघावं तर तिथे ऐटीत ४ जीबी, ६४ जीबी, अँड्रॉइड १३. ऑफिसातला एक पोरगा म्हणाला, दादा, सेटिंगवर जाऊ नका, तिथे काय दाखवायचं ते फर्मवेअर बनवणारा ठरवतो. सीपीयू-झेड हे आतलं खरं हार्डवेअर दाखवणारं ॲप टाकून बघा. टाकलं. रॅम १ जीबीच्याही खाली. एपीआय लेव्हल २७, म्हणजे अँड्रॉइड ८.१. तेराचा ३३ यायला हवा. स्टिरिओ बाहेर काढून मागचं '४+६४' चं स्टिकर नखाने उचकटलं तर खाली दुसरं स्टिकर, '१+१६'. एवढा निर्लज्जपणा की जुनं स्टिकर काढायचेही कष्ट घेतले नाहीत!

आणि आवाजाच्या ताकदीचा म्हणून सांगतात त्या '४५ वॅट गुणिले ४' वर जाऊ नका. असल्या बऱ्याच स्टिरिओंत टीडीए७३८८ किंवा तशीच ॲम्प्लिफायर चिप असते. तिच्या डेटाशीटवर ४५ हा कमाल आकडा आहे, नेहमीच्या मोजमापाचा आकडा २६ च्या आसपास, तोही आवाज फाटल्यावरचा.

फोन केला. आश्चर्य म्हणजे यावेळी पहिल्याच रिंगला उचलला. 'सॉरी सर, गलत पीस आ गया, रिटर्न अप्रूव्ह कर देते हैं.' फक्त पिकअपसाठी १,९९९ रुपये रिफंडेबल डिपॉझिट. यूपीआय आयडी कुणा बाईच्या नावाचा. हो, मला दिसलं होतं. आणि हो, मी भरले. ९,६४९ अडकलेले असताना माणूस १,९९९ कडे बघतो का? ज्याचे अडकले नाहीत त्याला हे कळणार नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज आला : 'रिटर्न रिजेक्टेड. कस्टमर ने वायरिंग टॅम्पर किया है, गलत फिटिंग.' सोबत फोटो. माझाच. टॉर्च लावलेला. मग नंबर ब्लॉक.

यानंतर ज्यांच्याकडे गेलो त्यांच्याबद्दल किती लिहू!

बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलाय ना, मग हा फ्रॉड नाही, हे पेमेंट आहे. समोरच्याच्या खात्याची माहिती देता येणार नाही, गोपनीयता. चोराची गोपनीयता! पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, माल मिळाला का? मिळाला, पण खोटा. मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा. मी म्हटलं, साहेब, एकाचं दाखवून दुसरं गळ्यात मारणं ही फसवणूकच आहे, पूर्वीचं ४२०. आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते ३१८ झालंय. हे मी त्यांना सांगतोय! ते म्हणाले, एवढं माहितीये तर तुम्हीच लिहा अर्ज. लिहिला. अर्जावर पोच देईनात. शिक्का मागितला तर शिक्का मोठ्या साहेबांच्या कपाटात. मोठे साहेब बंदोबस्तावर. बंदोबस्त संपला तर म्हणे ही सायबरची केस, ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकली, तर ती फिरून त्याच चौकीत, त्याच टेबलावर. आणि त्या टेबलावरच्या माणसाने मला फोन करून विचारलं, 'काका, तुम्ही गाडीची वायर स्वतः कापली का? मग आम्ही काय करणार?' मागे कुणीतरी हसलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

ज्या ॲपवर जाहिरात आली त्यांना रिपोर्ट केलं तर उत्तर आलं की जाहिरात आमच्या नियमांत बसते. कुरिअरवाल्यांनी पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून जो दिला तो त्यांच्याच गोदामाचा निघाला. बिलावर जीएसटी नंबर नाही, मॉडेल नाही, नुसतं 'कार ॲक्सेसरीज'. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे विकणाऱ्याने पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यायचं असतं, तक्रारीची ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा असतो. विकणारा कोण हेच माहीत नाही, तर ४८ तास कुणाचे मोजायचे? खरेदीआधी हे नाव-पत्ता शोधा. नसेल तर तिथूनच मागे फिरा, किंमत कितीही कमी असो.

पैसे गेले की आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेत जायच्याही आधी. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी कळवलं तरच ती थांबवायची शक्यता असते. मी आधी बँकेत गेलो, कारण मला वाटलं बँक माझी आहे.

शेवटी नाना पेठेतच गेलो, ज्याला फिटिंगचे पंधराशे जास्त वाटतात म्हणून सांगून आलो होतो त्याच्याकडे. त्याच्याकडच्या पोराने डॅशबोर्डात डोकं घालून विचारलं, 'काका, हे कुणी कापलं?' मी म्हटलं, एका गॅरेजवाल्याने. त्याने भंगारातल्या हार्नेसमधून २० पिनचा कपलर काढला, माझ्या फेरूलच्या नंबरांवरून जोडला (नंबर कुणी घातलेत, एकदम बरोबर आहेत, असं तो आपणहून म्हणाला) आणि जुना टेप परत बसवला. २,२०० रुपये. टेप अजून ती सीडी ओकत नाही. ८,४९९, १,१५०, १,९९९ आणि २,२००, करा बेरीज आणि ठेवा त्या साडेतेरा हजारांच्या शेजारी.

ज्यांना स्वतः बसवायचंच आहे त्यांनी बसवा, मी नको म्हणणार नाही. पण तुमच्या गाडीचा जोड-कपलर हातात आल्याशिवाय डॅशबोर्डला हात लावू नका. तो ॲक्सेसरीजच्या दुकानात सुटा मिळतो. गाडीकडची वायर कापायला सांगणारा माणूस कितीही 'सर' म्हणू दे, फोन ठेवा. स्टिरिओ आधी टेबलावर चालवून बघा : यूपीएसमधली बारा व्होल्टची बॅटरी घ्या, पिवळी आणि लाल एकत्र करून प्लसला, काळी मायनसला. पिवळीचा फ्यूज जागेवर आहे ना ते बघा. स्क्रीन लागते. तिथेच सीपीयू-झेड टाका, पेनड्राइव्हवरून मोठी फाइल भरून बघा, मागचं स्टिकर नखाने खरवडा. डबा उघडण्यापासून इथपर्यंत एकच सलग व्हिडिओ घ्या. मी डबा उघडतानाचा घेतला होता, त्यात फक्त एक चकचकीत स्क्रीन दिसते. फोटो मागितला तर आधी विचारा, कशासाठी.

ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ग्राहक आयोगाची तक्रार भरून ठेवली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, विकणाऱ्याच्या गावाला जायची गरज नाही. अडलंय ते नोटीस कुणाला पाठवायची यावर. तुमच्याकडे असंच पार्सल आलं असेल आणि त्यावर गोदामाशिवाय दुसरा कुठला पत्ता किंवा जीएसटी नंबर असेल, तर लेबलचा फोटो मला पाठवा.