नातवंडाचा शिकारीतील पहिला हंगाम: खार, ससा की पक्षी?

अमेरिकेत राहणाऱ्या आणि स्वतः शिकार करणाऱ्या आजी-आजोबांसमोर नातवंड नऊ-दहा वर्षांचे झाले की एक प्रश्न हमखास उभा राहतो: याला रानात न्यायचे, तर सुरुवात कशापासून करायची? भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे पुढील सर्व विचार अमेरिकेतील नियम आणि तेथील प्राणी-पक्षी डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. तेथेही प्रत्येक राज्याची वयोमर्यादा, परवाना आणि हंगाम वेगळा असल्यामुळे निर्णय घेण्यापूर्वी राज्याच्या वन्यजीव विभागाची त्या वर्षाची पुस्तिका वाचणे अपरिहार्य आहे.

पर्यायांची तुलना सहसा कोणती शिकार सोपी आणि कोणती अवघड अशी केली जाते. मला ती कसोटी अपुरी वाटते. मुलाच्या बाबतीत पाहायचे ते हे, की प्राणी दिसल्यापासून चाप ओढेपर्यंत त्याला विचार करायला किती वेळ मिळतो, आणि त्या वेळात मोठ्या माणसाचा हात बंदुकीपर्यंत पोहोचू शकतो की नाही. मागे काय आहे, हा प्राणी मारण्यास परवानगी आहे का, नेम स्थिर आहे का, आणि मुळात मला आत्ता चाप ओढायचा आहे का, हे चार प्रश्न अनुभवी शिकारी क्षणार्धात सोडवतो. मुलाला त्यांसाठी काही सेकंद, कधी पूर्ण मिनिट लागते. ज्या शिकारीत ते मिनिट मिळते ती पहिल्या हंगामासाठी योग्य, मग हाती काही लागो वा न लागो.

या कसोटीवर खारीची शिकार इतर सर्व पर्यायांच्या पुढे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. करडी खार आणि तिच्याहून थोरली फॉक्स खार या दोन्ही ओक आणि हिकरीच्या रानात पहाटे उजाडताना आणि दुपार कलल्यावर खाण्यासाठी बाहेर पडतात. खोडाला पाठ टेकून दोघांनी शेजारी-शेजारी बसायचे आणि वाट पाहायची, एवढीच तिची पद्धत. मूल हाताच्या अंतरावर असते, बंदूक दोघांत एकच असते आणि ती मोठ्याच्या मांडीवर राहू शकते. खार फांदीवर थांबून दाणा कुरतडत असताना टरफलांचे तुकडे पानांवर पडल्याचा आवाज आधी कानावर येतो, मग हालचाल दिसते आणि त्यानंतर नेम धरण्याचा विचार सुरू होतो. हा क्रम मुलाला पाहायला आणि ऐकायला शिकवतो. बहुतेक राज्यांत हा हंगाम शरद ऋतूच्या सुरुवातीस उघडतो, काही ठिकाणी त्याहूनही आधी, त्यामुळे थंडीने मूल हैराण होण्याचा प्रश्नही फारसा येत नाही.

अडचणी मात्र आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पहिली रायफलीची. ट्वेंटी-टू, म्हणजे 0.22 इंची लहान गोळीच्या रायफलीला धक्का जवळजवळ नसतो म्हणून ती मुलांसाठी निर्धोक समजली जाते, पण तिची गोळी दीड मैलापर्यंत, म्हणजे सुमारे अडीच किलोमीटर जाऊ शकते. उंच फांदीवर बसलेल्या खारीमागे मोकळे आकाश असेल, तर चाप ओढायचा नाही. मागे जाड खोड किंवा टेकडीचा उतार असेल तरच ओढायचा. छऱ्यांच्या बंदुकीत हा धोका पुष्कळ कमी होतो, कारण बारीक छरे दोन-तीनशे मीटरच्या आत खाली येतात. दुसरी अडचण खारीच्या सवयीची. ती माणसाची चाहूल लागताच खोडाच्या पलीकडे सरकते. अशा वेळी एकाने झाडाला वळसा घालायचा आणि दुसऱ्याने बसून राहायचे, म्हणजे खार बसलेल्याच्या बाजूला येते, हा डाव जुन्या शिकाऱ्यांना ठाऊक असतो. पहिल्या हंगामात तो करू नये. त्यात भरलेली बंदूक हाती असलेले मूल एकटे राहते आणि आजोबा नेमक्या नळीच्या दिशेने चालत जातात. त्याऐवजी बसल्या जागेवरून झाडापलीकडे एखादे लाकूड भिरकावले तरी खार पुष्कळदा इकडे वळते.

सशाची गोष्ट वेगळी आहे. कॉटनटेल ससा ठरावीक, लहान परिसरात राहतो; बीगल कुत्रे मागे लागले की तो मोठे वर्तुळ घेऊन पुन्हा उठल्या जागेच्या आसपास परततो, आणि शिकारी तेथेच थांबून त्याची वाट पाहतो. कुत्र्यांचा आवाज दूर जातो, वळतो, जवळ येऊ लागतो. ज्या मुलाला तासभर गप्प बसणे जमत नाही, त्याला यासारखा आनंद दुसऱ्या शिकारीत मिळत नाही. तरीही माझ्या कसोटीवर ती मागे पडते. ससा जमिनीलगत धावतो, त्याच्या मागोमाग कुत्रे असतात, झुडपांपलीकडे सोबतचे शिकारी उभे असतात, आणि निर्णयाला मिळतात जेमतेम दोन सेकंद. म्हणून पहिल्या वर्षी मुलाने बीगलांबरोबर जावे, पण बंदुकीशिवाय. कुत्रे न नेता झुडपांच्या कडेने सावकाश चालत जाणे आणि दबून बसलेला ससा शोधणे हा मधला मार्ग आहे. बसलेल्या सशावर नेम धरायला वेळ मिळतो. सशांमधून टुलारेमिया हा जिवाणूंचा आजार माणसाला होऊ शकतो, म्हणून सोलताना हातमोजे घालणे, मांस पूर्ण शिजवणे आणि सुस्त, पळू न शकणाऱ्या सशाला हात न लावणे, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगावे.

पक्ष्यांकडे वळताच चित्र पालटते, कारण उडत्या पक्ष्यावर नेम धरणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते रानात शिकायचे नसते. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर पुरेसा सराव झालेला नसेल, तर पक्ष्यांच्या शिकारीत मुलाच्या वाट्याला निराशा आणि पक्ष्याच्या वाट्याला जखम येते. हा सराव झाला आहे असे गृहीत धरून पुढील तुलना वाचावी.

होल्याच्या (कबुतरासारख्या लहान पक्ष्याच्या) शिकारीला पुष्कळ कुटुंबांत पहिली शिकार मानतात, आणि त्याची कारणे खरी आहेत. स्थलांतरित पक्ष्यांच्या संघीय नियमांनुसार हा हंगाम 1 सप्टेंबरपासून उघडता येतो, हवा उबदार असते, सूर्यफुलाच्या किंवा कापणी झालेल्या धान्याच्या शेताच्या कडेला बसायचे असते आणि बोलण्यास मनाई नसते. एक माणूस दिवसाला 15 होले मारू शकतो, म्हणजे संधी पुन्हा पुन्हा येते. पण तो पक्षी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा, अत्यंत वेगवान आणि ऐन वेळी दिशा बदलणारा आहे. त्याच्यावर काडतुसे वाया घालवणे प्रौढांनाही चुकत नाही. शिवाय शेताच्या चारही कडांना इतर शिकारी बसलेले असतात. म्हणून कमी उंचीवरून जाणाऱ्या पक्ष्यावर कधीही बंदूक उचलायची नाही, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय शेतात पाऊल टाकायचे नाही. कायदाही येथे अधिक काटेकोर आहे: बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा अधिक काडतुसे मावता कामा नयेत, आणि पक्ष्यांना भुलवण्यासाठी दाणे टाकलेल्या जागी शिकार करणे गुन्हा आहे. शेत दुसऱ्याचे असेल तर दाणे टाकलेले नाहीत याची खात्री शिकाऱ्यानेच आधी करून घ्यायची असते. मला विचाराल तर पहिल्या वर्षी मुलाला पडलेला होला शोधून आणण्याचे काम द्यावे. पक्षी कोठे पडला ती जागा नजरेत पक्की धरणे आणि तो सापडेपर्यंत शोध न सोडणे, हे शिकारीतले सर्वांत महत्त्वाचे शिक्षण येथे सहज मिळते.

फेझंटच्या बाबतीत निर्णय शिकार कोठे करायची यावर अवलंबून आहे. मूळचा आशियातील हा पक्षी 1880 च्या दशकात ओरेगनमध्ये सोडण्यात आला. आज त्याच्यासाठी साउथ डकोटा सर्वाधिक प्रसिद्ध आहे. तो आकाराने मोठा असतो, उठताना जोरात फडफडतो आणि नर असेल तर ओरडतोही, त्यामुळे तो मुलाला स्पष्ट दिसतो. मात्र बहुतेक ठिकाणी केवळ नरच मारता येतो, आणि सूर्य समोर असताना काळ्या आकृतीवरून नर-मादी ओळखणे अवघड असते. मोठ्या शेतात दहा-पंधरा माणसे रांगेने चालत येतात आणि दुसऱ्या टोकाला काही जण वाट अडवून उभे असतात. अशा रांगेत भरलेली बंदूक घेतलेले मूल नसावे. त्याने भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घालून आजोबांच्या शेजारून रिकाम्या हाताने चालावे. याउलट, पाळलेले पक्षी सोडून शिकार करू देणाऱ्या खासगी राखीव क्षेत्रात पॉइंटर जातीचा कुत्रा पक्ष्यासमोर थिजून उभा राहतो, मुलाला योग्य जागी उभे करता येते आणि त्या क्षणी चाप ओढणारे एकटे तेच असते. वेळेची माझी कसोटी येथे पूर्ण होते. हा पक्षी पिंजऱ्यातून आला आहे हे मात्र मुलाला सांगावे, कारण अशा ठिकाणी एका सकाळी मिळते तितके रानात मिळत नाही. लावे आणि रफ्ड ग्राउज या रानपक्ष्यांचा विचार पहिल्या दोन वर्षांत करू नये. लाव्यांचा थवा पायाखालून एकदम उडतो, आणि ग्राउज दाट झाडीत क्षणभरच दिसते.

बदकांची शिकार सर्वांत मागे ठेवण्याचे कारण थंडी आणि पाणी. अंधारात उठणे, दलदलीतून चालणे, आडोशात कुडकुडत बसणे आणि उडत्या बदकाची जात ओळखणे, हे सगळे एकाच सकाळी मुलावर लादले जाते. प्रत्येक जातीची दैनंदिन मर्यादा निराळी असल्यामुळे ओळखण्यातील चूक हा थेट नियमभंग ठरतो. अनेक राज्यांत नेहमीच्या हंगामाबाहेर केवळ मुलांसाठी राखलेले दिवस असतात. त्या दिवशी सोबतच्या प्रौढाने बदके मारायची नसतात, त्यामुळे त्याचे सारे लक्ष मुलावर राहते. बदके नेण्याचा आग्रहच असेल, तर तो याच दिवशी पुरा करावा.

आता बंदुकीविषयी. फोर-टेन या बारीक नळीच्या छऱ्यांच्या बंदुकीला मुलांची बंदूक म्हणण्याची रीत आहे. प्रत्यक्षात तिच्या काडतुसात छरे इतके कमी असतात की उडत्या पक्ष्यासाठी ती कसलेल्या हातातच शोभते. बसलेल्या खारीसाठी, जवळच्या अंतरावर, ती उत्तम आहे. पक्ष्यांसाठी तिच्याहून रुंद नळीची ट्वेंटी-गेज घ्यावी, पण हलक्या ट्वेंटी-गेजमध्ये जड काडतूस घातले तर खांद्याला बसणारा धक्का मुलाला कायमचा दचकवू शकतो. सौम्य काडतुसे आणि जरा वजनदार बंदूक ही जोडी बरी. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, मुलाच्या हाताच्या मापाचा हवा, कारण मोठ्यांच्या लांब दस्त्यामुळे ते मागे झुकते आणि तोल जातो. मधोमध मोडून उघडणारी बंदूक मला सर्वाधिक पसंत आहे: ती उघडी असली की ते दुरूनही दिसते. त्याच प्रकारातील बाहेरचा घोडा (काडतुसावर आघात करणारा भाग) अंगठ्याने ओढाव्या लागणाऱ्या एकनळी बंदुकीबाबत मात्र सावध राहावे. थंड, लहान बोटांतून तो घोडा निसटतो. कानांचे संरक्षण दोघांनाही हवे. कुजबूज ऐकू देणारे आणि गोळीबाराचा आवाज अडवणारे इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक खारीच्या शिकारीत फारच उपयोगी पडतात, विशेषतः आजोबांचे कान आधीच मंद झाले असतील तर.

आजोबांच्या शरीराचाही हिशेब येथेच करावा. फेझंटमागे दिवसभर चालणे गुडघ्यांना झेपणार नसेल, तर मूल पुढे आणि देखरेख मागे अशी स्थिती होते, आणि ती स्वीकारता येत नाही. खारीच्या रानात दोघे बसलेले असतात. सोलण्याच्या कामात मात्र क्रम उलटा लागतो: होल्याची छाती हातानेच वेगळी करता येते, सशाचे कातडे सहज निघते, आणि खारीचे चिवट असते, म्हणून ते काम प्रथम मोठ्याने करून दाखवावे.

शिशाच्या छऱ्यांबाबत शेवटी एक सूचना. पाणपक्ष्यांसाठी ते 1991 पासून देशभर बंद आहेत आणि कॅलिफोर्नियात 2019 पासून सर्वच शिकारीसाठी. इतरत्र परवानगी असली, तरी मारलेले मांस मूल स्वतः खाणार आहे, आणि मांसात राहून गेलेले शिशाचे बारीक कण वाढत्या वयाला अधिक घातक असतात. म्हणून खार असो वा होला, पोलादी किंवा अन्य बिनशिशाचे छरे घ्यावेत, आणि जुन्या बंदुकीची नळी पोलादी छऱ्यांना चालते का हे हंगामापूर्वी बंदुकीच्या कारागिराकडून तपासून घ्यावे.