‘रूल ३४’ : स्पॅमवाल्यांचे खून

चार्ल्स स्ट्रॉस यांची ‘रूल ३४’ ही इंग्रजी कादंबरी २०११ साली आली. (‘रूल ३४’ म्हणजे, जगात जे जे आहे त्याचे अश्लील रूप इंटरनेटवर असतेच, असा नेटवरचा एक गमतीचा नियम.) मी ती यंदाच्या मे महिन्यात, धरमपेठेतल्या घरी, कूलरच्या घरघरीत वाचली. कथा एडिनबरोची, लेखकाच्या काळाहून दशकभर पुढची. पोलीस निरीक्षक लिझ कॅव्हनॉ हिची बढती रखडलेली असून, इंटरनेटवरच्या विकृत कल्पना कोणी प्रत्यक्षात आणत आहे काय, यावर नजर ठेवणारे पथक तिच्या गळ्यात मारलेले आहे. स्पॅमच्या, म्हणजे नको असलेले, बरेचदा फसवे मेल घाऊक पाठवण्याच्या, धंद्यातल्या एका जुन्या गुन्हेगाराचे प्रेत त्याच्या घरी एका यंत्राला जोडलेल्या स्थितीत सापडते, आणि पाठोपाठ अन्य देशांतही त्याच धंद्यातली माणसे घरगुती उपकरणांपायी मरू लागतात. (इथे मी कूलरकडे एकदा संशयाने पाहिले.)

निवेदन द्वितीय पुरुषी आहे. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्याने लेखकाचे निभावते. मराठी वाचकाला मात्र मनातल्या मनात ठरवावे लागते, की निरीक्षकबाईंना ‘तुम्ही’ म्हणायचे आणि तुरुंगातून सुटलेल्या अन्वर हुसेनला ‘तू’, तर ‘टॉयमेकर’ म्हणवणाऱ्या त्या निर्दय माणसाला काय म्हणायचे? मी त्यालाही ‘तू’च म्हणत गेलो, आणि त्या जवळिकीनेच अंगावर काटा आला.

सर्वांत रंगतो तो अन्वर. किर्गिझस्तानातून फुटलेल्या एका काल्पनिक प्रजासत्ताकाचा मानद वाणिज्यदूत होऊन तो येणाऱ्यांना ब्रेड मिक्सच्या पिशव्या वाटतो, आणि या पिठात काहीतरी काळेबेरे आहे, हे वाचकाला त्याच्याआधी कळते. त्या प्रजासत्ताकाच्या कर्जाचा घोटाळा मात्र मला दोनदा मागे जाऊन वाचावा लागला. स्कॉटिश बोलीनेही थोडा दम काढला.

गेल्या वर्षी शेजारच्या काकांना ‘वीजबिल थकले आहे, आज रात्री पुरवठा तोडू’ असा मेसेज आला, आणि त्यातल्या क्रमांकावर फोन करताच खात्यातून चाळीस हजार गेले. त्यामुळे सुरुवातीच्या खुनांच्या वेळी माझी सहानुभूती मारणाऱ्याकडेच होती, आणि कादंबरी वाचकाला नेमके तिथेच पकडते. रहस्य फोडत नाही. स्पॅम गाळण्यापेक्षा पाठवणाराच गाळला तर, एवढेच सांगतो. काकांना हे ऐकवले, तर ते म्हणाले, “मंग काय बिघडलं?”