दाबमापक संवेदक: दाब वाचावा, उंची स्वतः काढावी

वातावरणाचे भौतिकशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने अर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पट्टीला) जोडायचा, हवेचा दाब मोजणारा नखाएवढा दाबमापक संवेदक जरूर विकत घ्यावा, असे वर्षभराच्या वापरानंतर मला मनापासून वाटते. चार तारा जोडल्या की तो चालू होतो. जोडणीबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

त्याचे खरे मोल मला एप्रिलमध्ये पुण्यात कळले. खोलीतल्या टेबलावर दोन दिवस तो तसाच ठेवून आलेख काढला, तेव्हा सकाळी दहाच्या सुमारास दाब शिखरावर, दुपारी चार-पाचला तळाशी, रात्री दहाला पुन्हा वर आणि पहाटे चारला पुन्हा खाली, अशी लाट स्वच्छ उमटली. स्थितांबरातला (वातावरणाच्या वरच्या थरातला) ओझोन आणि खालच्या थरांतली वाफ सूर्यप्रकाश शोषतात, त्यामुळे सगळे वातावरण बारा तासांच्या आवर्तनाने हेलकावते, हे वर्गात शिकलो होतो. पण ती भरती-ओहोटी आपल्याच टेबलावर पाहताना अंगावर काटा आला.

सिंहगडावर मात्र दाबावरून उंची काढणाऱ्या, सोबतच्या तयार प्रोग्रॅमने निराशा केली. पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या सुमारे ६०० मीटर चढाईत दाब साधारण ६० हेक्टोपास्कलने (हे दाबाचे एकक) उतरतो, आणि तो उतार संवेदकाने चोख टिपला. पडद्यावरची उंची मात्र बरीच कमी भरली. कारण असे की त्या प्रोग्रॅममधले सूत्र समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरते, तर आपल्याकडची उन्हाळी हवा त्याहून कितीतरी उष्ण, म्हणून विरळ असते, आणि तेवढाच दाब उतरायला अधिक उंची चढावी लागते. पायथा ते माथा या हवेच्या स्तंभाचे सरासरी तापमान घालून उंची स्वतः काढली की हा सुमारे सात टक्क्यांचा फरक भरून निघतो. हे गणित कंटाळा न करता हातानेच करावे, कारण जलस्थैतिक समीकरण, म्हणजे उंचीनुसार दाब कसा उतरतो हे सांगणारे समीकरण, तिथेच अंगी मुरते.

या गणितात संवेदकाच्या पट्टीने दाखवलेले तापमान वापरू नये. ती स्वतःच्या उष्णतेने तापते आणि आकडा अंशभर तरी जास्त दाखवते. थेट ऊन आणि वाऱ्याचे झोतही दाबाचे वाचन बिघडवतात, त्यामुळे स्पंजाचा तुकडा लावलेली छोटी डबी हवीच. शक्य असल्यास संवेदक दोन घ्यावेत आणि एक पायथ्याशी ठेवावा, कारण सकाळी दहाला निघून दुपारी चारला माथा गाठला तर दाबाच्या ओहोटीमुळेच उंचीत तीसेक मीटरची चूक येते.